उशिरा येणारा सूर : इको, डिले आणि मॉड्युलेशन समजून घेण्यापूर्वी

वरातीत बँडची गाडी उभी राहिली, जनरेटर सुरू झाला, गायकाने ‘हॅलो, माईक चेक’ म्हटले, की मिक्सरवर बसलेल्याचा पहिला हात इकोच्या बटणाकडे जातो. शहादा असो, तळोदा असो की नवापूर, नंदुरबार जिल्ह्यात हे चित्र बहुतेक ठिकाणी सारखेच. इको लागला की आवाज भरल्यासारखा वाटतो, गायकाला धीर येतो, गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही कळते की आता गाणे सुरू होणार. एवढ्यासाठी तो लावला तर त्यात वावगे काही नाही. पण एकदा फिरवलेले ते बटण वरात दारात पोहोचेपर्यंत तसेच राहते आणि मधल्या दोन तासांत गाण्याचे शब्द कोणाच्या कानावर पडत नाहीत. अहिराणी गाण्याची सगळी गंमत शब्दांत असते. भिली, मावची, कोकणी बोलींतल्या गाण्यांत व्याह्याला मारलेला टोमणा, नवरीच्या मैत्रिणीचे उत्तर, गावाचे नाव हेच तर ऐकायचे असते. ते ऐकू आले नाही तर उरतो फक्त ठेका.

हे पुस्तक त्या बटणाविषयी आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या कोरस, फ्लँजर, फेझर, ट्रेमोलो, व्हायब्रॅटो या मंडळींविषयी आहे. बँडमधले गायक, कीबोर्डवाले, बेंजोवाले, ऑक्टोपॅड वाजवणारी मुले आणि घरातल्या एका खोलीत लॅपटॉपवर गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणारे तरुण यांच्यासाठी ते लिहिले आहे. यातल्या बऱ्याच जणांच्या हातात आज जी यंत्रे आहेत, ती पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या मोठ्या स्टुडिओतही नव्हती. यंत्र आले, पण ते कसे चालते हे सांगणारे मराठीत फारसे काही आले नाही. माहितीपुस्तिका इंग्रजीत, नाहीतर चिनी धाटणीच्या इंग्रजीत. म्हणून मग शेजारच्या बँडवाल्याने जे लावले तेच आपण लावायचे, असे चालत राहते.

मुळातली गोष्ट फार सोपी आहे. आलेल्या आवाजाची एक नक्कल करायची, ती थोडा वेळ धरून ठेवायची आणि मूळ आवाजात उशिरा मिसळायची. इको, कोरस आणि फ्लँजर हे तिन्ही याच एका कृतीतून निघतात. फरक असतो तो उशीर किती आणि तो स्थिर की हलता, एवढाच. उशीर एक ते दहा मिलिसेकंदांच्या आत असेल आणि तो सावकाश कमीजास्त होत असेल तर फ्लँजर. पंधरा ते तीस-पस्तीसच्या आसपास हलत असेल तर कोरस, म्हणजे एकाच गायकाचे दोन-तीन गायक झाल्याचा भास. पन्नासच्या पुढे कानाला दुसरा आवाज वेगळा जाणवू लागतो आणि दोनशेच्या पुढे तो चक्क इको होतो. या हद्दी काटेकोर नाहीत. ढोलावर त्या लवकर येतात, लांबवलेल्या सुरावर उशिरा. फेझर थोडा वेगळ्या वाटेने जातो. त्यात वेगवेगळ्या उंचीच्या सुरांची लहर वेगवेगळ्या प्रमाणात मागे सरकवली जाते. ट्रेमोलोत तर उशीर नसतोच, फक्त आवाज लहानमोठा होत राहतो. हार्मोनियमला जुन्या काळी ट्रेमोलोचा खटका असायचा, तो हेच करायचा.

या जिल्ह्यातल्या माणसाला हे सगळे नवे वाटू नये. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला गावोगावचे ढोल एकत्र येतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे आपल्याजवळचा ढोल आणि सतरा मीटर पलीकडचा ढोल अगदी एकाच क्षणी वाजले, तरी पलीकडचा आपल्याला ५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. चौतीस मीटरवरचा १०० मिलिसेकंद. शिवाय दहा ढोलकरी एकाच क्षणी कधीच मारत नाहीत. काठीच्या होळीत उभे राहिल्यावर ढोलाचा जो रुंद, अंगावर येणारा आवाज जाणवतो, तो असा पुढेमागे पोहोचणाऱ्या शेकडो टोल्यांचा बनलेला असतो. होळीत नाचणाऱ्या बुध्याच्या कमरेच्या घुंगरांचेही तसेच. एक घुंगरू बारीक वाजते. कमरपट्टाभर घुंगरे किंचित मागेपुढे वाजली की त्यांची सर होते. स्टुडिओत एकच ढोल रेकॉर्ड करून त्याला काठीचा आवाज आणायचा असेल तर काय करावे लागेल, हे इथेच कळते. एक लांबलचक इको लावून ते होणार नाही. वेगवेगळ्या उशिराच्या, वेगवेगळ्या लहानमोठ्या चार-पाच नकला डावी-उजवीकडे पसरून ठेवाव्या लागतील, आणि त्यांचे अंतर एकसारखे ठेवून चालणार नाही.

पावरी वाजवणाऱ्याकडे एकदा नीट पाहावे. दुधीभोपळा आणि बांबूचे हे फुंकवाद्य तो उभ्या जागी वाजवत नाही. झुकतो, वळतो, गोल फिरतो. वाद्याचे तोंड आपल्याकडे आले की सूर उजळ होतो, पाठ फिरली की मंद. हेच सावकाश चालणारे मॉड्युलेशन, म्हणजे आवाजाचा एखादा गुण सतत हलता ठेवणे. अमेरिकेत डॉन लेस्ली यांनी १९४०च्या सुमारास ऑर्गनसाठी फिरत्या कर्ण्याचा स्पीकर बनवला, तो याच तत्त्वावर. कर्णा जवळ येताना सूर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो. आज कीबोर्डवर पावरीचा टोन लावून वाजवणारे पुष्कळ आहेत आणि तो टोन निर्जीव वाटतो अशी त्यांचीच तक्रार असते. कारण उघड आहे: कीबोर्डमधली पावरी हलत नाही. तिला मोठा इको लावण्यापेक्षा अगदी थोडा, अनियमित ट्रेमोलो द्यावा आणि ट्रेबल सावकाश खालीवर होऊ द्यावा. फरक लगेच कळतो.

बेंजोची गोष्टही अशीच. जपानमध्ये नागोयाला १९१२ साली ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार झाले, ते भारतात येऊन बुलबुल तरंग झाले आणि पुढे पिकअप लावून वरातीत गेले. त्याच्या सुरावटीच्या तारा जोडीने असतात. एक ४४० हर्ट्झला आणि दुसरी ४४२ला असेल तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. फरक जितका, तितके हेलकावे. त्यामुळे बेंजो जात्याच थोडा कोरस घेऊन येतो. त्याच्यावर पुन्हा यंत्राचा कोरस चढवला की सूर जागेवर राहत नाही. माझे मत स्पष्ट आहे: बेंजोला कोरस लावू नये, लहान डिले लावावा.

इतिहासात फार रमण्याची इथे गरज नाही, पण यंत्रे कशी घडली हे कळल्याशिवाय त्यांचे स्वभाव कळत नाहीत. पहिली युक्ती टेपची. फितीवर आवाज नोंदवणारे हेड आणि तो वाचणारे हेड यांत अंतर असते. फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असेल आणि अंतर ५ सेंटिमीटर असेल, तर नक्कल सुमारे १३० मिलिसेकंद उशिरा येते. मेम्फिसमधल्या छोट्याशा स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी १९५०च्या दशकात याच युक्तीने एल्व्हिस प्रेस्ले यांच्या आवाजाला ती झटकेदार दुहेरी धार दिली. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी १९६६ साली बीटल्ससाठी दोन टेपयंत्रांचा मेळ घालून एकाच गायनाचे दोन करण्याची पद्धत बसवली. रोलँड कंपनीचे स्पेस इको हे यंत्र १९७४चे. त्यातही फीतच फिरत असे.

फितीची कटकट संपवली ती फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेतल्या सँगस्टर आणि टीअर यांनी १९६९ साली काढलेल्या बकेट ब्रिगेड चिपने. आग विझवताना माणसांची रांग हातोहात बादल्या पुढे देते, तसा या चिपमध्ये आवाजाचा विद्युतभार एका खान्यातून पुढच्या खान्यात सरकतो. खाने १०२४ असतील तर उशीर साधारण ५ ते ५१ मिलिसेकंद मिळतो, म्हणजे कोरससाठी अगदी बेताचा. बॉस कंपनीचा पहिला कोरस, सीई-१, १९७६ साली याच जातीच्या चिपवर आला. उशीर वाढवायचा तर बादल्या हळू सरकवाव्या लागतात आणि त्यात आवाजाचे ट्रेबल गळते. तोटा म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट मला फायद्याची वाटते. ती का, ते पुढे येईल. १९८३ साली बॉसचा डीडी-२ आला आणि स्वच्छ डिजिटल डिले पायाखालच्या छोट्या डबीत मावला.

आपल्याकडच्या स्वस्त इको मिक्सरमध्ये आणि बाजारात मिळणाऱ्या इको किटमध्ये बहुधा पीटी२३९९ ही चिप असते. तिचा उपयोगी उशीर साधारण ३० ते ३४० मिलिसेकंद. त्याहून लांब ताणली की खरखर वाढते. बटणावर आकडे नसतात, फक्त ‘डिले’ आणि ‘रिपीट’ लिहिलेले असते. म्हणून आकड्यांऐवजी कानाने जुळवण्याची एक रीत इथेच सांगून टाकतो.

समजा, ठेका सहा मात्रांचा आहे आणि नाचणाऱ्यांचे पाऊल मिनिटाला १३२ वेळा पडते. ६०,००० भागिले १३२ केले की एका पावलाला सुमारे ४५४ मिलिसेकंद येतात. एवढा उशीर त्या चिपला झेपत नाही. पण एका पावलात तीन मात्रा असतात, एक मात्रा सुमारे १५१ची. दोन मात्रांचा उशीर धरला तर ३०३, आणि तो चिपच्या आवाक्यात आहे. आता माईक ढोलाच्या कडेशी धरायला सांगा. रिपीट इतके कमी ठेवा की नक्कल एकदाच यावी. ढोलवाल्याला पहिल्या मात्रेवर एकच टोला मारायला सांगा, तिसऱ्या मात्रेवर त्याने दुसऱ्या हाताची बारीक काडी मारावी. डिलेचे बटण शून्यापासून हळूहळू फिरवत राहा. सुरुवातीला इको काडीच्या आधी येईल, मग तिला ओलांडून पुढे जाईल. जिथे काडी आणि इको एकमेकांत विरून जातात, तिथे बटण थांबवा आणि त्या जागी पेनाने खूण करा. आता गायकाचा माईक लावा. त्याच्या आवाजाची नक्कल ठेक्याच्या आत जाऊन बसेल, वर तरंगणार नाही.

ही खूण वरातभर टिकणार नाही हेही तितकेच खरे. ढोल आणि ऑक्टोपॅड माणसे वाजवतात, आणि नवरदेवाचे मित्र रंगात आले की लय चढते. १३२ची १४० झाली तर पावलाचा वेळ ४५४वरून ४२८वर येतो. एका पावलाचा इको असेल तर तो प्रत्येक फेरीला २६ मिलिसेकंद मागे पडतो. चौथ्या फेरीपर्यंत शंभरावर जातो आणि ठेका अडखळल्यासारखा वाटू लागतो. दोष मात्र बिचाऱ्या ढोलवाल्याला मिळतो. म्हणून लय हलती असेल तेव्हा रिपीट एक-दोन नकलांपुरतेच ठेवावे किंवा टॅप टेम्पो असलेले यंत्र घेऊन पायाने लय देत राहावे.

रिपीटच्या बटणाचे गणित लोकांना सहसा माहीत नसते. रिपीट निम्म्यावर असेल तर प्रत्येक नक्कल आधीच्या नकलेपेक्षा ६ डेसिबल खाली येते आणि दहा नकलांत आवाज ६० डेसिबलने खाली जाऊन संपतो. अर्ध्या सेकंदाचा डिले असेल तर त्याला पाच सेकंद लागतात. तेच रिपीट सत्तर टक्क्यांवर नेले की प्रत्येक नक्कल तीनच डेसिबल उतरते, आणि एक शब्द संपायला जवळपास दहा सेकंद. तेवढ्या वेळात गायकाच्या दोन-तीन ओळी होऊन गेलेल्या असतात. बटण थोडेच फिरवले होते, असे म्हणून भागत नाही.

कोरसच्या बाबतीतही एक हिशेब ध्यानात ठेवावा. उशीर मधल्या जागेपासून ३ मिलिसेकंद इकडे-तिकडे हलत असेल आणि हे हलणे दोन सेकंदांत एकदा होत असेल, तर सूर जास्तीत जास्त एक टक्क्याच्या आतबाहेर, म्हणजे दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराच्या सहाव्या हिश्श्याएवढा सरकतो. कानाला गोड लागतो. तेच हलणे सेकंदाला पाच वेळा केले आणि हलण्याची खोली, म्हणजे ते ३ मिलिसेकंद, तीच ठेवली, तर सूर नऊ टक्क्यांहून अधिक सरकतो. शुद्ध गंधार कोमल गंधाराला ओलांडून जाईल इतका. वेग वाढवला की खोली कमी करायची, हा नियम एवढ्यासाठी आहे. ज्याने हार्मोनियमवर सूर घासून घासून गळा तयार केला आहे, त्याच्या आवाजावर असा कोरस चढवणे हा त्याच्या रियाजाचा अपमान आहे.

आता शब्दांकडे येतो, कारण हे पुस्तक मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिले. गाताना एका सेकंदात चार-पाच अक्षरे सहज येतात, म्हणजे एका अक्षराला साधारण दोनशे मिलिसेकंद. दोनशे-तीनशेचा इको लावला की आधीच्या अक्षराची नक्कल नेमकी पुढच्या अक्षरावर बसते. शब्द ओळखू येतो तो च, स, त, क यांसारख्या व्यंजनांनी, आणि या व्यंजनांचा बराचसा आवाज दोन हजार हर्ट्झच्या वर असतो. म्हणून इकोचे ट्रेबल कापावे. दोन-अडीच हजारांच्या वरचे काढून टाकले की नक्कल मऊ होते, मागे राहते आणि पुढचा शब्द मोकळा ऐकू येतो. जुन्या बकेट ब्रिगेडचे आणि टेपचे इको कानाला सुखद वाटतात ते यामुळेच. त्यांचे ट्रेबल आपोआप गळत होते.

याहून मोठा धडा जमैकाच्या किंग्स्टन शहरातून घेण्यासारखा आहे. तिथेही रस्त्यावर मोठमोठे स्पीकर रचून गाणी वाजवण्याची पद्धत होती. किंग टबी नावाने ओळखला जाणारा ऑसबोर्न रडॉक हा तिथला विद्युत उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. १९७०च्या दशकात तो मिक्सरवर बसून गाण्याची संपूर्ण ओळ कोरडी ठेवायचा आणि ओळीतला एखादाच शब्द इकोत सोडायचा. तो शब्द पुढच्या रिकाम्या जागेत घुमत राहायचा, आणि ओळ सुरू झाली की इको बंद. त्यातून डब ही संगीताची आख्खी जात जन्माला आली. इको लावून ठेवायचा नसतो, वाजवायचा असतो. आपल्या मिक्सरवाल्याने एवढे केले, गाणे सुरू असताना बटण शून्यावर आणि ओळीचा शेवटचा शब्द आला की वर, तरी खानदेशातल्या वरातींत पुन्हा शब्द ऐकू येतील. त्यासाठी त्याला गाणे पाठ असावे लागते. म्हणून मिक्सरवर बसणाऱ्याला मी वादकच मानतो, आणि त्याला मानधनही वादकाएवढेच मिळायला हवे.

जागेचाही विचार हवा. अरुंद गल्लीत तीन मीटरवर भिंत असेल तर आवाज जाऊन परत यायला अठरा मिलिसेकंद पुरतात. तिथे घरांच्या भिंतीच कोरस लावत असतात. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात आवाज आधीच घुमत असतो, तिथे इको पूर्ण बंद ठेवणे उत्तम. मोकळ्या शेतात मात्र परत येणारे काहीच नसते आणि आवाज कोरडा पडतो. इकोची खरी गरज तिथे. पुढे तीस मीटरवर जादा स्पीकर ठेवला असेल तर त्याला सुमारे ८७ मिलिसेकंदांचा डिले द्यावा लागतो, नाहीतर लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. त्यात आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद घातले तर ऐकणाऱ्याला आवाज गायकाच्याच दिशेने आल्यासारखा वाटतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिले की किंचित उशिरा आलेला आवाज बराच मोठा असला, तरी कान दिशा ठरवतो ती आधी पोहोचलेल्या आवाजावरून. एका ढोलाला दोन माईक लावणाऱ्यांनीही अंतर मोजावे: दुसरा माईक ३४ सेंटिमीटर मागे असेल तर एक मिलिसेकंदाचा फरक पडतो आणि दोन्ही एकत्र मिसळले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज गळून ढोल पोकळ वाटतो.

पुढची प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. वरातीचे काम करणाऱ्यांनी डिले आणि जागा यांवरची प्रकरणे आधी घ्यावीत. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी कोरस आणि फ्लँजरपासून सुरुवात केली तरी चालेल. फेझरवरचे प्रकरण लहान आहे, कारण आपल्या संगीतात त्याचा उपयोग मला थोडाच दिसला. गणित जिथे आले आहे तिथे बेरीज-भागाकारापलीकडे काही नाही. उदाहरणे ढोल, पावरी, बेंजो आणि कीबोर्डचीच घेतली आहेत. गिटारसाठी लिहिलेली पुस्तके जगात भरपूर आहेत, आमच्या वाद्यांसाठी कोणी लिहिलेले नव्हते.

एक विनंती करून थांबतो. पहिले प्रकरण उघडण्याआधी मिक्सरवरची इको, डिले आणि रिपीट ही तिन्ही बटणे शून्यावर आणा, गायकाला माईकवर एक पूर्ण गाणे म्हणायला सांगा आणि बोली न येणाऱ्या एखाद्या पाहुण्याला विचारा की किती शब्द त्याने जसेच्या तसे ऐकले. त्यानंतर जे काही बटण फिरवाल, ते त्यातला एकही शब्द कमी न करता फिरवा.